रुळलेली तार

मोहपाड्याच्या शाळेसमोर उभ्या असलेल्या गाडीत झिपरूबाबा चौधरींचं रक्त यंत्रातून फिरत होतं, आणि गाडीची बॅटरी संपत आली होती.

यंत्राच्या पडद्यावर आधी पिवळी खूण आली. गाडीवरच्या सिस्टर हेमलता गावित यांनी ती पाहिली आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"तुषारभाऊ, हे काय दाखवतंय बघा जरा."

तुषार आहेर पुढची सीट सोडून मागे आला. पडद्याकडे बघत राहिला.

"असं कसं होईल सिस्टर? काल संध्याकाळी पूर्ण भरून आणली होती. सकाळी थोडी कमी वाटली खरी, पण इतकी नाही."

बोलेपर्यंत पिवळी खूण लाल झाली. गाडीला घरी परतण्यापुरती वीज राखून ठेवायची आणि बाकी सगळं बंद करायचं, अशी त्या गाडीची रचनाच होती. पंपाची घरघर थांबली. पारदर्शक नळीतलं रक्त जागच्या जागी उभं राहिलं.

"बाबा, हात हलवू नका," हेमलतासिस्टर म्हणाल्या. त्यांनी पंपाचा दांडा ओढून बाहेर काढला आणि हाताने फिरवायला सुरुवात केली. तुषारने सलाईनची पिशवी उंच धरली. नळीतलं रक्त हळूहळू परत बाबांच्या दंडाकडे सरकू लागलं. सिस्टरांच्या कपाळावर भर थंडीत घाम आला होता. सगळं रक्त आत गेल्यावर त्यांनी सुई काढली, पट्टी दाबून धरली आणि मगच श्वास सोडला.

"झालं का?" झिपरूबाबांनी विचारलं.

"अर्धंच झालं, बाबा."

"मग राहिलेलं?"

सिस्टरांनी त्यांच्या दंडावरची पट्टी पुन्हा एकदा दाबली.

कळवण आणि सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर फिरणारी ती डायलिसिसची एकुलती एक गाडी होती. ती बंद पडली तर झिपरूबाबांसारख्यांना नाशिक गाठावं लागे, आणि आठवड्यातून दोनदा नाशिक गाठणं त्यांच्यातल्या कुणालाच शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल आहेरला फोन आला. मृणाल ही तुषारची बायको. अभोण्याच्या रस्त्यावर तिचं स्वतःचं वर्कशॉप होतं. गाड्यांचं वायरिंग आणि बॅटऱ्या हे तिचं काम. फोन डायलिसिसच्या गाड्या चालवणाऱ्या कंपनीतून, शंतनू प्रभुदेसाई नावाच्या अधिकाऱ्याचा होता.

"आहेर मॅडम, गाडी तुम्हालाच तपासावी लागेल. तुमचे मिस्टर ती चालवतात हे मला माहीत आहे. पण तुमच्या तालुक्यात रुळतारेचा परवाना फक्त तुमच्याकडे आहे."

"बघते ना. काय झालंय?"

"आमच्या पडद्यावर स्पष्ट दिसतंय. गाडीच्या बाहेरच्या बाजूला उपकरणं लावायचं सॉकेट आहे, त्यातून गाडी उभी असताना वीज जाते. रोज. आणि गाडी उभी असते तुमच्या अंगणात."

मृणालला त्या वाक्याचा अर्थ, तुषार गाडीची वीज घरात वापरतो हा, लगेच कळला, पण तो आत शिरायला वेळ लागला.

रुळतार बाजारात आली तेव्हा तिचं प्रशिक्षण घ्यायला मृणाल पुण्याला गेली होती. तिथल्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी खिडकीतून मैदान दाखवलं होतं. मैदानावर सिमेंटचा रस्ता होता, पण मुलं गवतातून तिरकी जायची, आणि त्यांच्या पावलांनी तिथे पायवाट रुळली होती. "आपली तार हेच करते," ते म्हणाले होते. साध्या तारेत तांबं असतं. रुळतारेत असतो एक घट्ट रस, आणि त्यात विजेच्या ओढीने एकमेकांना चिकटणारे धातूचे बारीक कण. ज्या वाटेने वीज जास्त वाहते तिथे कणांचे धागे जाड होत जातात. जिथे वाहत नाही तिथे ते विरतात. तार तुटली, घासली, उंदराने कुरतडली, तरी धागे वाढत जाऊन पलीकडचं टोक शोधतात. डोंगरातल्या खडबडीत रस्त्यांवर साध्या तारा वर्षभरात निकामी व्हायच्या. रुळतार स्वतःच स्वतःला सांधायची. त्यामुळे अँब्युलन्सपासून दुधाच्या टँकरपर्यंत सगळ्या गाड्यांमध्ये तीच आली होती.

मृणालच्या धंद्याची मात्र त्याने पंचाईत केली होती. कंपनीच्या नकाशात तार जिथे दाखवलेली असायची तिथे ती असेलच असं नाही.

त्या दुपारी तिने गाडी अंगणातच उभी करून तपासली. बॅटरीच्या तारेवर मीटरचा चिमटा लावला. गाडी पूर्ण बंद, तरी वीज वाहत होती. म्हणजे गळती खरी होती. मग तिने नेहमीची युक्ती केली. एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या तारेत दोष. शिकाऊ मुलगाही एवढं करू शकतो.

बाहेरच्या सॉकेटचा फ्यूज काढला आणि आकडा पडला.

सॉकेटच. ती फ्यूज हातात धरून तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने सहज मीटरकडे लक्ष गेलं, तर आकडा पुन्हा चढत होता. हळूहळू, पण चढत होता. सॉकेटचा फ्यूज तर तिच्या हातात होता. मग वीज जात कुठून होती?

तिने पंपाचा फ्यूज काढला. आकडा पडला. सॉकेटचा परत बसवला. आकडा चढला. दोन्ही काढले, तेव्हा तो शून्यावर आला. तिने सगळं पहिल्यापासून केलं. तसंच झालं. एक वाट बंद केली की गळती दुसरीकडून येत होती. एखाद्या खोलीतून कुणी बोलावं, दार उघडून बघावं तर आवाज शेजारच्या खोलीतून यावा, तसं ते होतं.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "तुषार, तू बाहेरच्या सॉकेटला काही लावतोस?"

"नाही."

"घरातले दिवे जातात तेव्हाही नाही?"

त्याने घास खाली ठेवला. "मागे तुझी आई आजारी होती तेव्हा एकदा लावला होता पंखा. तूच वायर धरली होतीस. त्यानंतर नाही."

"मी फक्त विचारलं."

"मीही फक्त सांगितलं."

तो खोटं बोलत असल्यासारखा दिसत नव्हता. पण तो खरं बोलताना कसा दिसतो, हे तरी तिने कधी नीट पाहिलं होतं का? इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती. प्रभुदेसाईंचा पडदा सॉकेट म्हणत होता. तिचा मीटर आधी सॉकेट म्हणत होता आणि मग काहीच धड म्हणत नव्हता. तुषार नाही म्हणत होता. तिघांपैकी कुणाचं तरी चुकत होतं आणि तिला मीटरबद्दल शंका घेणंच सगळ्यात जड जात होतं. मीटरने तिला कधी फसवलं नव्हतं.

तुषार आंघोळीला गेला तेव्हा ती अंगणात आली. सॉकेटच्या झाकणावर तिने पारदर्शक चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावला. झाकण उघडलं तर पट्टी सुटणारच. लावून झाल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. पण तिने ती काढली नाही.

सकाळी ती गाडीपाशी उकिडवी बसली. पट्टी जशीच्या तशी होती. बॅटरी मात्र उतरली होती.

"पट्टी नीट आहे ना?"

मागे तुषार उभा होता. दोन्ही हातांत चहाचे कप.

मृणाल उठली.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं होतं."

"हो. आणि मी सांगितलं होतं."

त्याने एक कप तिच्या हातात दिला आणि तो आत गेला. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. त्याने भांडण केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ती चहा घेऊन तशीच उभी राहिली. झाकण कुणी उघडलं नाही. म्हणजे सॉकेटमधून काही बाहेर गेलं नाही. आणि तरी वीज गेली. वीज नुसती नाहीशी होत नाही, तिचं काहीतरी होतं. उजेड होतो, काहीतरी फिरतं, नाहीतर काहीतरी तापतं. गाडीत दिवा लागलेला नव्हता. काही फिरत नव्हतं.

तिने गाडीचं मागचं दार उघडलं. चपला बाहेर काढून ती आत चढली. कळवणची पौषातली सकाळ. पत्रा इतका गार, की तळपायांना झिणझिण्या आल्या. दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. रुग्णाच्या खुर्चीजवळची जमीन गार नव्हती. तिने खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी ती ऊबदार होती.

मृणालने हेमलतासिस्टरांना फोन लावला. त्या जवळच राहायच्या, लगेच आल्या. खुर्चीला हात लावून त्या बघतच राहिल्या.

"हिच्या आतली विजेची शेगडी तर कंपनीने केव्हाच बंद केलीये ताई. बॅटरी खाते म्हणून. वरूनच हुकूम आला आणि बंद झाली."

"मग रुग्णांना थंडी वाजत नाही?"

"वाजते ना! रक्त बाहेर फिरून येतं, अंग गार पडतं त्यांचं. झिपरूबाबा तर थडथड उडायचे. शेगडी बंद केली म्हणून थंडी थोडीच बंद होते?" त्या थोड्या घुटमळल्या. "मी माझ्या घरचं विजेचं ब्लँकेट आणायचे. आत त्याचा प्लग लावायला जागा नाही, म्हणून खिडकीतून वायर सोडून बाहेरच्या सॉकेटला लावायचे. पावसाळ्यापर्यंत रोज. मग बाबाच म्हणायला लागले, आता नको, खुर्ची ऊब देते. मला वाटलं कंपनीला दया आली."

मृणालने जमिनीचं फळकूट उचकटलं. खाली धुरकट आवरणातून रुळतारा दिसत होत्या. सॉकेटची तार, पंपाची तार आणि खुर्चीच्या शेगडीची बंद करून टाकलेली तार. तिन्ही एकमेकींना लागून गेल्या होत्या, आणि घाटातल्या हादऱ्यांनी घासून घासून एका ठिकाणी तिघींची आवरणं झिजली होती. सिस्टरांच्या ब्लँकेटमुळे सॉकेटच्या तारेतून रोज भरपूर वीज वाहिली, तिचे धागे माजले, आणि झिजलेल्या जागेतून ते शेगडीच्या तारेत उतरले. बाहेरचं सॉकेट अडीनडीसाठी कायम चालू ठेवलेलं असतं. त्यामुळे ब्लँकेट लागो न लागो, गाडी चालो न चालो, खुर्ची तापत राहिली, आणि धागे जाड होत गेले तशी दिवसेंदिवस जास्त वीज खाऊ लागली. कंपनीचं मोजणं फक्त सॉकेटच्या तारेच्या सुरुवातीला होतं. ती पुढे कुठे जाते हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्याने सॉकेट म्हटलं आणि बाकीचं माणसांनी जोडून घेतलं.

प्रभुदेसाईंना तिने फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक. गाडी नाशिकला पाठवा. आपण झटका देऊन सगळ्या तारा कोऱ्या करू. रुळलेलं सगळं विरून जाईल, गाडी नव्यासारखी."

"सर, या गाडीने इतक्या वर्षांत किती ठिकाणी स्वतःला सांधून घेतलं असेल, कुणाला ठाऊक? कोरी केली तर ते सांधेही जातील."

"मग ते शोधावे लागतील. वेळ लागेल, हे खरं."

"उद्या मोहपाडा आहे. बाबांचं मागचं अर्धंच झालंय."

"मॅडम, मी तुम्हाला काय सांगू?"

खरंच, ते तरी काय सांगणार? मृणालने फोन ठेवला आणि कात्री घेतली. शेगडीकडे गेलेला धाग्यांचा जाड पूल तिने दोन्ही बाजूंनी कापला आणि टोकं घट्ट बंद केली. मीटर शून्यावर आला आणि शून्यावरच राहिला.

"झालं!" ती ओरडली. तुषार दारात आला. हेमलतासिस्टरांनी हसत यंत्र सुरू केलं. पंप फिरला, कण्हला आणि थांबला.

पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला.

मृणालला काही समजेना. कापली ती शेगडीची वाट. पंपाच्या तारेला तिने हातही लावला नव्हता. ती जमिनीवर पालथी पडून बॅटरीच्या दिशेने पंपाच्या तारेवरून बोट फिरवत गेली. चाकाच्या वरच्या बाजूला तार पार दबली होती. आत केसासारखे चार धागे उरले होते. केव्हातरी एखाद्या दगडावर गाडी आपटली असणार. तेव्हापासून पंपाला वीज मिळत होती ती सॉकेटच्या तारेतून, शेगडीच्या मेलेल्या तारेवरून, त्या पुलावरून. आणि काल तिने सॉकेटचा फ्यूज काढला, तेव्हा वीज याच केसाएवढ्या धाग्यांतून उलटी शेगडीकडे गेली होती.

जी गळती म्हणून तिने कापली, तिच्यावरच गाडी चालली होती. मग ते बिघडलेलं होतं की दुरुस्त झालेलं? गाडीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. वीज जायला वाट मिळाली, तिने ती रुळवली. बाबांना ऊब मिळाली, पंप चालला, बॅटरी संपली आणि तुषारवर आळ आला. यातलं कुठलं हवं आणि कुठलं नको, हे तारेला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आता?" तुषारने विचारलं. सकाळपासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"साधी तांब्याची तार टाकते. बॅटरीपासून थेट पंपापर्यंत. वेगळा फ्यूज लावून."

"कंपनीला चालेल?"

तिने प्रभुदेसाईंनाच विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गाडीत बाहेरची तार चालत नाही, मॅडम."

"मग गाडीच चालत नाही, सर."

मग ते म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी तुमची राहील."

"म्हणून उद्या मी गाडीत बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी तिघं मोहपाड्याला पोहोचले. झिपरूबाबांना त्यांच्या सुनेने हात धरून आणलं. पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. ते खुर्चीत टेकले आणि लगेच दचकून उठले.

"आज खुर्ची गार का?"

"दुरुस्त केलीये बाबा," मृणाल म्हणाली.

"दुरुस्त?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते पटलेलं नव्हतं. तिलाही ते नीट समजावता येईना. सुनेने घरून दोन गोधड्या आणल्या आणि त्यांच्या अंगावर घातल्या.

सुई टोचली, पंप सुरू झाला, रक्त नळीत उतरलं. मृणाल खाली बसली आणि तिने नव्या तारेवर तळहात ठेवला. तार तापली तर आधी तिच्या हाताला कळलं असतं. पडद्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता आणि मीटरवरही पूर्वीइतका नव्हता. काही वेळाने तळहात बधिर झाला. मग तार गार आहे की हातच गार आहे, तेही कळेना. तेव्हा तुषार शेजारी येऊन बसला आणि त्याने आपला हात तिथे ठेवला.

"काढ तुझा. मी बघतो."

ते आळीपाळीने बसले. बाबा गोधडीत डुलक्या घेत होते. उन्हं शाळेच्या कौलांवरून उतरली तेव्हा हेमलतासिस्टर म्हणाल्या, "पूर्ण झालं." तरीही मृणालने रक्त परत जाईपर्यंत जागा सोडली नाही.

पुढे ते प्रकरण मिटलं. वाहनचालकाचा दोष नाही, असं तिने कंपनीला कळवलं आणि तेवढ्याच कोरडेपणाने कंपनीने ते मान्य केलं. सगळ्या गाड्यांमधल्या तारांमध्ये अंतर ठेवायचं आणि खुर्च्यांच्या शेगड्या परत सुरू करायच्या, असं ठरलं. प्रभुदेसाईंनी तांब्याच्या तारेबद्दल परत कधी विचारलं नाही.

पण त्या दिवसापासून तुषार गाडी अंगणात आणेनासा झाला. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात ती उभी करायचा, किल्ली तिथल्या पहारेकऱ्याकडे द्यायचा आणि गाव ओलांडून चालत घरी यायचा.

"अंगणात जागा आहे की," मृणाल एकदा म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला.

तिने ती शिक्षा समजून घेतली. आपल्याला मिळायला हवी होती, असंही तिला वाटलं. एके संध्याकाळी मात्र तिला राहवेना. वर्कशॉप लवकर बंद करून ती रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तुषार बाहेर आला आणि तिला पाहून थबकला.

"तू कशी काय?"

"अशीच. चल."

बाजारपेठेतून ते सोबत निघाले. भाजीच्या गाड्या, वाटाण्याचे ढीग, ओळखीच्यांचे रामराम. गर्दी संपल्यावर तिने एकदाचं म्हटलं, "मी तुझ्यावर संशय घेतला. तू रागावलास, ते बरोबरच आहे."

"रागावलो होतो. त्या सकाळपुरता."

"मग गाडी घरी का आणत नाहीस?"

तुषार चालता चालता थांबला. रस्त्याच्या कडेला बघत राहिला.

"तू हसशील."

"नाही हसणार."

"तो पडदा इतकं ठामपणे सांगत होता ना मृणाल, रोज, त्याच जागी, आपल्याच अंगणात. मी कुठे काही केलं नव्हतं. पण कंपनीने तसं कळवलं त्या दुपारपासूनच मला वाटायला लागलं, मीच झोपेत उठून प्लग लावून येतो की काय. माझे काका झोपेत चालायचे. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. पण माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं."

त्याच्या तोंडावर काय दिसतं हे मृणाल त्या रात्री शोधत होती, आणि तोही तेच शोधत होता, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"पण आता तर कळलंय ना, तारेचं होतं ते."

"कळलंय. तरी गाडी लांब असली की मला झोप लागते."

तिने त्याचा हात धरला. भर रस्त्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं, म्हणून तो आधी आजूबाजूला बघू लागला. पण त्याने हात सोडवून घेतला नाही. ते तसेच घराकडे चालत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा फाटकाशी जाऊन उभी राहिली.